कोरड्या तलावाचा तळ उचलला जातोय

संपादक महोदय,

माझं लहानपण मुंबईच्या ज्या उपनगरात गेलं, तिथला जलतरण तलाव अकरा वर्षांपासून बंद आहे. गेल्या महिन्यात लेखी परवानगी काढून, रखवालदारांना सोबत घेऊन मी आत गेले आणि दोन दिवस सकाळच्या उजेडात फोटो काढले. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कळलं तर मुलं भिंत चढून आत उतरतील, आणि खोल बाजूच्या लोखंडी शिडीच्या तीन पायऱ्या गंजून गळून पडल्या आहेत.

1978 साली मी इथे पोहायला शिकले. बायकांची बॅच दुपारी तीन ते चार. पाण्याला घाबरणाऱ्या मुलीला आमच्या बाई काठावर बसवून आरती साहांबद्दल सांगत, 1959 मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री. कपडे बदलायच्या खोलीत लाकडी खुंट्या अजून आहेत, खाली रंगवलेले आकडे. सत्तावीस नंबरच्या खुंटीला हात लावून मी थोडा वेळ उभी राहिले.

मग उथळ बाजूने तलावात उतरले. तळावरची काळी पट्टी भिंतीच्या दोन मीटर अलीकडे आडव्या रेघेने संपते. ती दिसली की भिंत जवळ आली, हे पोहणाऱ्याला कळतं. तिसऱ्या लेनमधली ती रेघ मधोमध तुटली आहे. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तेव्हा सावलीवरून दिसलं, टाइल्स नुसत्या सुटलेल्या नाहीत, तळच फुगला आहे. शेजारी मोजपट्टी उभी ठेवून फोटो घेतला. उंचवटा चार सेंटिमीटर.

मी एकतीस वर्षं आर.सी.सी.चे नकाशे काढले, म्हणून हे पाहून जीव खाली-वर झाला. रिकामा तलाव जमिनीत रुतवलेल्या होडीसारखा असतो. आतलं पाणीच त्याला दाबून धरतं. पावसाळ्यात भूजल तळापेक्षा एक मीटर वर चढलं, तर दर चौरस मीटरला एक टन असा जोर खालून लागतो. हा तलाव 25 बाय 12 मीटरचा, म्हणजे 300 टन. इथे छत शाबूत आहे, त्यामुळे आत पाऊस पडत नाही आणि तलाव कोरडाच राहतो. फटीतून वर झिरपलेलं वीतभर पाणी तेवढं खोल टोकाला साचलं आहे, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

दारावर ‘धोकादायक इमारत’ असा फलक आहे. गॅलरीच्या खांबांचा फक्त गिलावा सुटलाय की आतल्या सळ्या गंजल्या आहेत, हे फोटोवरून ठरत नाही, ठोकून बघावं लागतं. ती तपासणी आधी करा. पाडायचं की दुरुस्त करायचं, याचा निर्णय होईपर्यंत तळ तरी वाचवा. तळाला दाब सोडणारी झडप असेल तर ती साफ करावी. नसेल तर अभियंत्याच्या देखरेखीखाली खालचं पाणी उपसावं, किंवा त्याच्या सल्ल्याने तलाव भरून त्यात गप्पी मासे सोडावेत.

मापांसह चौसष्ट फोटो मी संबंधित कार्यालयात दिले आहेत, पोच घेतली आहे. पावसाळ्याला चार महिने उरलेत.

– बायकांच्या बॅचमधली एक जुनी विद्यार्थिनी, परळ