चॅट साठाव्या सेकंदाला का तुटते?

महोदय,

अनेक संकेतस्थळांवरचे मदत-चॅट जरा शांत राहिले की तुटते आणि ग्राहकाला ‘तुमचे इंटरनेट तपासा’ असे सांगितले जाते. दर वेळी नेमक्या साठाव्या सेकंदाला तुटत असेल, तर आधी मधला रिव्हर्स प्रॉक्सी (ग्राहक आणि मूळ सर्व्हर यांच्यात निरोप्याचे काम करणारा सर्व्हर) तपासावा. एनजिनएक्स या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी रीड टाइमआउट (मागच्या सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत) मुळात ६० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात मागच्या सर्व्हरकडून काहीच आले नाही, की तो जोडणी बंद करतो. ही मुदत तासाभराची करता येते, पण तो अर्धाच उपाय आहे, कारण वाटेतले लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरांत काम वाटणारे) आणि मोबाइल कंपन्यांचे नॅटही (अनेक ग्राहकांना एकच आयपी पत्ता देणारी यंत्रणा) निष्क्रिय जोडण्या तोडतात. सर्व्हरने दर २५-३० सेकंदांनी पिंग (जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश) पाठवावा, हे खरे औषध.

चॅट मुळात जोडलेच जात नसेल, तर कारण वेगळे. चॅटसाठी सतत उघडी राहणारी जोडणी म्हणजे वेबसॉकेट; तिची सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते. त्यातले ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर (विनंतीसोबतच्या सूचना) फक्त एका टप्प्यापुरते असतात. प्रॉक्सी ते आपणहून पुढे देत नाही. म्हणून एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या चॅटच्या भागात (लोकेशन ब्लॉकमध्ये) एचटीटीपी १.१ ठरवून हे दोन्ही हेडर स्पष्टपणे लिहावे लागतात. सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक १०१ आला तर जमले. ४०० किंवा ४२६ आला तर हेडर बहुधा वाटेत गळाले. सॉकेट डॉट आयओसारख्या चॅटसाठी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) अशा वेळी गुपचूप लाँग पोलिंगवर, म्हणजे सर्व्हरला पुन्हा पुन्हा विनंती करत, चालत राहतात. चॅट चालू दिसते, सर्व्हरवरचा भार मात्र वाढतो, आणि बिघाड महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या मते हा सर्वांत घातक प्रकार.

मागे अनेक सर्व्हर असतील, तर एका ग्राहकाच्या पोलिंगच्या सर्व विनंत्या एकाच सर्व्हरकडे जाव्या लागतात. त्यासाठी आयपी हॅश (आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवणे) वापरला, तर आपल्याकडे एका आयपीमागे असंख्य मोबाइल ग्राहक असल्याने एकाच सर्व्हरवर गर्दी होते. कुकीवर (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवर) आधारित वाटप अधिक बरे. हॅप्रॉक्सी या दुसऱ्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये ते सहज होते.

क्षमतेचा हिशेबही चुकतो. एनजिनएक्सची मूळ मर्यादा प्रत्येक वर्करला (काम करणाऱ्या प्रक्रियेला) ५१२ जोडण्यांची आहे, आणि एक चॅट दोन जोडण्या खाते: एक ग्राहकाकडची, एक सर्व्हरकडची. म्हणजे प्रत्येक वर्करमागे जेमतेम २५६ ग्राहक. ही मर्यादा वाढवताना फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी उघडता येणाऱ्या फाइल व जोडण्यांची) मर्यादाही वाढवावी.

सार्वजनिक सेवांनी कंत्राटदाराकडून काम ताब्यात घेताना एक चाचणी करारातच लिहावी: मोबाइल डेटावर चॅट उघडून पाच मिनिटे काहीही टाइप करू नये, मग संदेश पाठवावा. तो त्याच जोडणीवरून पोचला, तरच बिल मंजूर व्हावे.

– सर्व्हर देखभाल करणारे काही अभियंते, पुणे