शिशाचा शंभर वर्षांचा धडा

महोदय,
नवे तंत्रज्ञान आले की ‘आधी येऊ द्या, नियमांचे मागाहून बघू’ असा सूर लागतो. शिसेयुक्त पेट्रोलचेच पाहा. इंजिनातली खटखट थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ साली सापडली. शिसे विषारी, हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये तर ते संयुग बनवणारे अमेरिकेतले कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरी मोटारींसाठीचे असे पेट्रोल जगभरातल्या पंपांवरून पुरते हटायला २०२१ उजाडले; सर्वांत शेवटी ते अल्जीरियात थांबले. (छोट्या विमानांत ते अजून जळतेच आहे!) एवढी वर्षे पुरावा कुणी द्यायचा होता? विकणाऱ्याने नव्हे, विषबाधा दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांनी. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत तरी हे ओझे पहिल्या दिवसापासून विकणाऱ्याच्या खांद्यावर टाकावे.

– एक वाचक