आप्पा, येताना तुमचा गुण्या आणा

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा कोल्हापुरातून निघताना तुम्ही दोघं दारापर्यंत आलात, पण आप्पा, तुम्ही काही बोलला नाहीत. कारण मला ठाऊक आहे. आई माझी बॅग भरत होती, तिच्या हाताला ती चपटी काळी पेटी लागली. आत निळ्या काठाचा पांढरा कातडी अ‍ॅप्रन होता आणि पेटीच्या झाकणावर गुण्या, आपला काटकोन बघायचा, न् कंपासचं चिन्ह. "हे कसलं रं?" आईनं विचारलं आणि मी म्हणालो, "ऑफिसच्या कार्यक्रमाचं हाय." तुम्ही ते चिन्ह बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलात.

ते ऑफिसचं नव्हतं. मी खोटं बोललो, आणि हे खोटं आजचं नाही, २०१७ पासूनचं आहे. फोनवर सांगावं तर तुम्ही दोन शब्द बोलून फोन आईकडे देता. म्हणून लिहितोय. आई, सावकाश मोठ्यानं वाचून दाखव. मधे थांबायला सांगितलं तर थांब.

मी पुण्यात फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुमंडळाच्या लॉजचा, म्हणजे त्यांच्या एका शाखेचा, सभासद आहे. महिन्यातून एकदा संध्याकाळी जातो. यांच्या इमारतींना पूर्वी लोक जादूघर म्हणायचे, आत भुतं उतरवतात म्हणायचे. दार बंद, बाहेर तलवार घेतलेला माणूस, आत काय चालतं कुणी सांगायचं नाही. मग लोक दुसरं काय म्हणणार? मीही याच भीतीनं तुम्हाला सांगितलं नाही. आईनं देवघरासमोर बसून माझ्या नावानं उपास धरला असता, आणि तुम्ही म्हणाला असता, शिकवलं कशासाठी, असल्या नादाला लागायला?

पण आप्पा, मेसन म्हणजे गवंडी. दगडाचं काम करणारा गवंडी. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी मोठमोठी चर्च बांधली जायची, एकेक काम दोन-तीन पिढ्या चालायचं. गवंडी गावोगाव फिरायचे. साइटवर हत्यारं ठेवायला, टेकायला, दगड घडवायला एक खोपी असायची, तिला लॉज म्हणायचे. तुमची राजारामपुरीच्या कामावरची पत्र्याची शेड होती ना, जिथं मी शाळा सुटल्यावर येऊन पोत्यावर झोपायचो, तसंच. पुढे त्या मंडळींत कामाशी संबंध नसलेले लोकही येऊ लागले. दगडाचं काम मागे पडलं, हत्यारं मात्र शिकवणीसाठी राहिली. १७१७ साली २४ जूनला लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची वरची संस्था, केलं. मी सभासद झालो त्या वर्षी त्याला तीनशे वर्षं झाली होती. आपल्याकडे कलकत्त्यात हे १७३० च्या सुमारास आलं. मुंबईत १८४३ साली खास भारतीय लोकांना घेण्यासाठी एक लॉज निघालं. स्वामी विवेकानंदही तरुणपणी, १८८४ साली, कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये गेले होते. आई, तुझ्या भिंतीवर फोटो आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ ला झालं. आमचं लॉज त्याच्याच अखत्यारीत येतं.

आता माझं सांगतो. सगळं सांगता येणार नाही. ओळखीच्या काही खुणा आणि शब्द आहेत, ते न सांगण्याची शपथ घेतली आहे. बाकी लपवण्यासारखं काही नाही.

आधी दोन जणांनी माझं नाव सुचवलं, मग चार जण घरी येऊन बोलून गेले. देव मानता का, हे पहिल्यांदा विचारलं. कुठला ते विचारलं नाही. मग मतदान झालं, पेटीत गोळे टाकून. पांढरा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. घरच्यांना माहीत आहे ना, असंही विचारलं होतं. मी हो म्हणालो. बायकोला माहीत होतं, तेवढ्यावर हो म्हणालो. ते मला अजून टोचतं.

पहिल्या दिवशी अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूचं जे काही असेल ते सगळं काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी बांधून आत नेतात. आई, शपथ मी गीतेवर घेतली, तू मला पुण्याला पाठवताना दिलेल्या त्या छोट्या गीतेवर. तिथं पीठावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ एकाशेजारी एक ठेवलेले असतात आणि ज्याचा जो ग्रंथ त्यावर तो हात ठेवतो. देवाला तिथं विश्वाचा महान स्थपती म्हणतात. आप्पा, स्लॅब पडायच्या दिवशी ढग दाटले की तुम्ही आभाळाकडे बघून म्हणायचात, "वरच्या मिस्त्रीला काळजी." मला तेच आठवलं.

पट्टी काढल्यावर मला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं केलं. का, तर इमारतीचा पहिला दगड ईशान्येला बसवतात, आणि नवा आलेला माणूस म्हणजे तो पहिला दगड. तुम्ही हाताला धरून कितीतरी पायाभरण्यांना मला त्याच कोपऱ्यात उभं केलं होतं, नारळ धरायला. तिथं मला गरजूंसाठी काहीतरी द्यायला सांगितलं. मी खिशाकडे हात नेला. खिशात काही नव्हतं, सगळं आधीच काढून घेतलेलं. द्यायची इच्छा आहे आणि हात रिकामा आहे, ही अवस्था विसरू नकोस आणि असा माणूस पुढं आला तर ओळख, एवढंच त्यातून शिकवायचं असतं. पण आप्पा, मला तिथं तो शनिवार दिसला. ठेकेदारानं पैसे बुडवले होते, दारात अकरा माणसं आठवड्याच्या पगारासाठी उभी होती आणि तुम्ही आत येऊन आईकडे नुसतं बघितलंत. आईनं पाटल्या काढून दिल्या. मी सातवीत होतो. ईशान्येच्या त्या कोपऱ्यात माझे डोळे भरून आले आणि शेजारच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते निवृत्त न्यायाधीश आहेत, हे मला नंतर कळलं.

तिथं सगळेच अ‍ॅप्रन बांधतात. न्यायाधीश, डॉक्टर, कारखानदार, एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक, सगळे. नव्याचा अ‍ॅप्रन नुसता पांढरा, कोकराच्या कातड्याचा. तालमीत लाल मातीत उतरताना कलेक्टरचा पोरगा काय न् हमालाचा काय, लंगोट तोच आणि माती कपाळाला लावायची ती तशीच. पेठेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायले, त्याच गावचे आपण. तिथं बसल्यावर धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही हा नियम आहे. तो कडक पाळतात, आणि मला तो फार आवडतो.

पायऱ्या तीन. पहिल्या पायरीवर चोवीस इंची गज, हातोडा आणि छिन्नी यांवर शिकवण असते. गजाचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास; काम, प्रार्थना, विश्रांती, दुसऱ्याची मदत यांत ते वाटायचे. दुसरीवर गुण्या, सपाटी बघायची पाणसळ आणि भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा ओळंबा. तिसरीत मरणाची गोष्ट आहे. सॉलोमन राजाचं देऊळ बांधणारा मुख्य कारागीर, जीव गेला तरी विद्येचं गुपित त्यानं दिलं नाही. तिसरीच्या हत्यारांत सुतळीची रीळही आहे, आखणीची. हे सगळं समजावून सांगितलं जात असताना आजूबाजूचे लोक पहिल्यांदा ऐकत होते. मला प्रत्येक हत्याराचं वजन ठाऊक होतं. ओळंबा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तुम्ही सांगितलं होतंत. आणि तुम्हीच मला थापी धरू दिली नाहीत. "हात असले करून घेऊ नको" म्हणालात आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिलात.

सुरुवातीची दोन वर्षं मी जेवणाच्या पंगतीत वाढायला होतो, नव्यांना ते काम असतं. सभेनंतर सगळे एकत्र जेवतात. भाषणं होतात, नसलेल्या बांधवांची आठवण काढतात. आई, काही जण घेतात. मी सरबताचा ग्लास उचलतो, कुणी आग्रह करत नाही.

२०१९ च्या महापुरात आत्याचं शाहूपुरी कुंभार गल्लीतलं घर पाण्यात गेलं. हायवे सुरू झाल्यावर माझ्याबरोबर दोन माणसं ब्लँकेट, औषधं आणि पिण्याचं पाणी घेऊन आली होती. आठवतात? एक सत्तरीचे पारशी गृहस्थ आणि एक बोहरी व्यापारी. तू त्यांना पिठलं-भाकरी वाढलीस आणि पारशीकाकांनी ठेचा परत मागून घेतला. मी सांगितलं होतं, ऑफिसातले. ते लॉजमधले. पैसे सगळ्यांनी काढले होते, नावं कुणाचीच कळली नाहीत.

आई, तू एक विचारणार आणि तुझा राग बरोबर असेल. बायकांना सभासद करून घेत नाहीत. इंग्लंडमध्ये बायकांची स्वतंत्र लॉज आहेत, ॲनी बेझंट स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या वेगळ्या शाखेत होत्या, पण आमच्या ग्रँड लॉजमध्ये ते नाही. मला हे पटत नाही आणि मी तिथं तसं बोललो आहे. पाटल्या काढून देणारा हात त्या ईशान्य कोपऱ्यात उभा राहू शकत नाही, हे मला कुणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र. लॉजच्या तीन मुख्य अधिकाऱ्यांच्या गळ्यात एकेक हत्यार असतं. दक्षिणेला बसणाऱ्याच्या गळ्यात ओळंबा, पश्चिमेच्या पाणसळ, आणि पूर्वेच्या खुर्चीतल्या मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, गळ्यात गुण्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात ओळंबा आला. गेल्या वर्षी पाणसळ. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मला पूर्वेच्या खुर्चीत बसवणार आहेत आणि माझ्या गळ्यात गुण्या घालणार आहेत.

आतला सोहळा सभासदांपुरता असतो, पण आमच्याकडे त्याआधी घरच्यांना ती खोली दाखवतात. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, एक ओबडधोबड दगड आणि एक घडवलेला दगड. नंतर सगळी कुटुंबं एकत्र जेवतात. त्या जेवणाला तुम्ही दोघांनी यायचं आहे. मास्टरच्या शेजारच्या खुर्च्या मी मागून घेतल्यात.

ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्याची वास्तुशांत मी विसरलेलो नाही. पाया ते गच्ची तुमच्या हातचं काम, आणि तुम्हाला जेवायला मागच्या अंगणात बसवलं, पाहुणे उठल्यावर. तुम्ही जेवून हात धुतलेत आणि जाताना जिन्याच्या भिंतीवरून तळवा फिरवलात. घरी येऊन एक शब्द बोलला नाहीत. परवा कट्ट्यावर जाऊन बसलात, तेव्हा तुमचा चेहरा तसाच होता. हे चिन्ह तुमचं आहे आप्पा. ते मी चोरून वापरत होतो, असं मला त्या क्षणी वाटलं.

कोयनेची तिकिटं काढली आहेत, शुक्रवारची. खिडकीची जागा आहे, गुडघा लांब करता येईल. स्टेशनवर मी असेन. आई, रांगोळीचा ठसा, लाडू वगैरे काही आणू नकोस, फक्त ती जांभळी इरकल नेस.

आणि आप्पा, माळ्यावर तुमचा लोखंडी गुण्या आहे, घंगाळ्याच्या मागे. तो आणा. लॉजमधला गुण्या चांदीचा आहे, दिसायला देखणा. पण तुम्ही मला शिकवलं होतं, नवा गुण्या हातात आला की आधी रेघ मारायची, मग पलटून त्याच रेघेवर मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तरच तो खरा. गळ्यात घालण्याआधी तो तुमच्या गुण्याला लावून बघायचाय, तुमच्या देखत. आणताना गोणपाटात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा, वरच्या फळीवर नको. गाडीच्या हिसक्यानं पडला तर कोन जातो.

तुमचा,
बाळू