भिजलेले फोटो टाकून देण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत माळ्यावरचे सामान उलटेपालटे होऊ लागते आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत भिजलेले अल्बम पुन्हा हाती लागतात. ते एक तर कचरागाडीत जातात, नाही तर 'नवे' करून घेण्यासाठी स्टुडिओत. त्याआधी ते एकदा निवांत पाहावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनमध्ये रंगांचे तीन थर असतात: वर निळसर, मध्ये किरमिजी आणि तळाशी पिवळा. पुराच्या पाण्याने जिलेटिन फुगते, जिवाणू ते खाऊ लागतात आणि वरचा थर आधी सुटतो. त्यामुळे पाणी जिथून आत शिरले ती कड पांढरी, तिच्या आत पिवळा पट्टा आणि त्याच्याही आत किरमिजी-पिवळा मिळून झालेला तांबडा, अशा लाटा फोटोवर उमटतात. आमच्या घरातल्या लग्नाच्या एका फोटोत मंडपाची झालर आणि मागच्या रांगेतली मामेमंडळी या तांबड्या-पिवळ्यात बुडून गेली आहेत, नवरानवरी मात्र जशीच्या तशी आहेत. कडेला उभ्या काकांचा नुसता फेटा उरला आहे, आणि खरे सांगायचे तर तो मुळात होता त्याहून अधिक खुलला आहे. हा फोटो ॲपमधून 'दुरुस्त' केला, तर फेट्याखाली अंदाजाने एक चेहरा येईल. तो काकांचा नसेल.

ज्यांच्या आईचा एकुलता एक फोटो पुरात गेला, त्यांना यातले सौंदर्य दाखवायला जाणे हा आगाऊपणा ठरेल, हे मान्यच आहे. पण जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातले सुमारे साडेसात लाख फोटो धुऊन काढले, शक्य तितके मालकांना परत केले आणि ओळख पुसल्या गेलेल्यांतले अनेक प्रदर्शनांत मांडले. कलापूर म्हणवणाऱ्या आपल्या शहरात, जिथे पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पेठाच्या पेठा पाण्यात जातात, असे प्रदर्शन शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात व्हायला हरकत नसावी. फोटो अर्थात घरच्यांच्या संमतीनेच घ्यावेत.

यंदा फोटो भिजलेच, तर ते एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. काचेला चिकटलेला फोटो ओढून न काढता काचेसकट स्कॅन करून घ्यावा.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर