पावसाळा संपला, एटीव्ही सुरू होईना? सेल्फ मारण्याआधी एवढे पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या जाड टायरांच्या चारचाकी मोटरसायकली, आता बाहेर निघत आहेत. नागाव, काशीद, तारकर्लीच्या पुळणीवर त्या भाड्याने फिरतात. बागांत आणि फार्महाऊसवर खते, पाइप, फळांच्या पेट्या वाहतात. चार महिने उभी असलेली गाडी पहिल्याच दिवशी सुरू होत नाही, मालक बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहतो आणि मग ‘इंजिन गेले’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा इंजिनाला काहीही झालेले नसते. या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या नसतात, त्यामुळे गॅरेजपर्यंत न्यायलाही टेम्पो करावा लागतो. तो खर्च करण्याआधी घरी काय तपासता येते, ते सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात बॅटरीपासून. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12 च्या खाली असेल तर सेल्फला हात लावू नका, आधी चार्ज करा. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवावा, म्हणजे 9 अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे 0.9 अँपिअर. मोटारीच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात उरकायला गेलात तर छोटी सीलबंद बॅटरी फुगते. भरलेली बॅटरी असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज 9.5 च्या खाली कोसळत असेल तर ती बदला.

बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर बॅटरीची टर्मिनल आणि चॅसीला बोल्टने लावलेली अर्थिंगची वायर सोडा, सँडपेपरने घासा आणि परत आवळा. खाऱ्या हवेत ही अर्थिंग सर्वांत आधी मरते. काहीच आवाज आला नाही तर फ्यूज, हँडलवरचे इंजिन बंद करायचे लाल बटण, न्यूट्रल आणि ब्रेकचा स्विच पाहा. बहुतेक गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. सीटखालची वायरिंगही डोळ्यांखालून घाला, पावसात उंदीर तिथेच मुक्कामाला येतात. लहान गाड्यांना मागे ओढून बंद करायची दोरी असते. तिचा स्विच बिघडला की तो काढून दोन वायरी थेट जोडण्याचा शॉर्टकट काही जण मारतात. कृपया करू नका. चालवणारे पोर खाली पडल्यावर गाडी थांबवायला तेवढी एकच सोय असते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा प्लग काढून बघा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगीची शंका घ्या. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. ठिणगी बघताना प्लगचे अंग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब आणि भोकावर फडके टाकून. आतून पेट्रोलची वाफ येत असते. लहान गाड्यांच्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, 0.6 ते 0.7 मिमी. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा, बस्स. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की प्लगच्या किमतीत काम भागत नाही.

पण खरे दुखणे बहुधा पेट्रोलचे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन वेगळा थर तळाशी बसतो, आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीच्या तळातूनच जाते. शिवाय कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेले थोडेसे पेट्रोल उडून चिकट राळ मागे राहते. ती आधी बुजवते पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारी भोकाची छोटी पितळी नळी, कारण त्याचे भोक सर्वांत बारीक. म्हणून चोक ओढल्यावर गाडी सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते. हे लक्षण दिसले की दुसरे काही शोधत बसू नका.

उपाय असा: पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडा आणि निघालेले पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. खाली पाण्याचा थर किंवा गंजाची भुकटी दिसली तर टाकीही रिकामी करायची. मग वाटी उतरवून पायलट आणि मेन अशी दोन्ही जेट काढा, कार्ब क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. हे काम उघड्यावर, आसपास विडी-सिगारेट नसताना करावे. पुढच्या मे अखेरीस मात्र कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि वाटी रिकामी करा. टाकी प्लास्टिकची असेल तर तीही रिकामी ठेवा. पत्र्याची असेल तर काठोकाठ भरा, नाहीतर आतून गंजेल. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत हा खटाटोप नसतो. तिथे किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा गुंऽऽ आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज आणि रिले.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच वाळूत नेऊ नका. एअर फिल्टर उघडा. या गाड्या मारण्याचे काम वाळू करते. बारीक पूड फिल्टरमधून आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासला जातो, मग निळा धूर, मग बोअरचे काम. फोमचा फिल्टर कोमट साबणपाण्यात दाबून-दाबून धुवा, पिळू नका. सावलीत पूर्ण वाळवा. मग फिल्टर ऑइल सगळीकडे मुरवून जास्तीचे दाबून काढा. कोरडा फोम वाळू अडवत नाही, तेलाचा चिकटपणा अडवतो. अनेक जण फिल्टर नेमाने धुतात आणि तेल लावायचे विसरतात. फोम पेट्रोलने धुऊ नका, त्याचा चिकटवलेला सांधा सुटतो. फिल्टरच्या डब्याच्या कडेला ग्रीसचा हात फिरवला तर फटीतून येणारी पूड तिथेच अडकते. पुळणीवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर रोज बघावा. बागेतल्या गाडीचा आठवड्याने.

इंजिन ऑइल काढून पाहा. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. एकदा बदलून भागत नाही, थोडे चालवून ते स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा बदलावे लागते. 110 सीसीच्या आडव्या इंजिनात क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ (तेलातल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले मोटरसायकलचेच ऑइल घाला. मोटारीच्या ऑइलने क्लच घसरतो. साधारण पाऊण ते एक लिटर लागते. डिपस्टिक न आवळता, नुसती टेकवून माप घ्या. त्याच वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या स्क्रूमधली फट, तपासा: इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, या इंजिनात ही फट 0.05 मिमी हवी. टॅपेट आवाज करत नाहीत म्हणजे ठीक आहेत असे समजू नये. घट्ट झालेले टॅपेट मुळीच आवाज करत नाहीत, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

काही एटीव्हींत स्कूटरसारखा चेनऐवजी बेल्ट चाक फिरवतो. अशा बेल्टच्या गाडीने ओढा ओलांडला की पाणी बेल्टच्या डब्यात शिरते. रेस वाढते, गाडी हलत नाही, जळका वास येतो. डब्याच्या तळाला पाणी काढायचा बूच असेल तर तो काढा, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट वाळू द्या. ट्रॉली ओढताना किंवा चढावर लो गिअर वापरा. हाय गिअरमध्ये हळूहळू रेटल्याने बेल्ट चकचकीत होतो आणि मग घसरतच राहतो. बेल्टच्या पुलीवर ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे उडू देऊ नका.

टायरमधल्या हवेबद्दल पंक्चरवाल्यावर विसंबू नये. मोटरसायकलच्या सवयीने तो 25-30 पीएसआय भरतो आणि गाडी चेंडूसारखी उसळते, वळणावर उलटू शकते. बहुतेक एटीव्हींना 3 ते 7 पीएसआय लागते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा पाहून भरू नका, तो चालवायच्या हवेचा नसतो. साध्या गेजवर एवढी कमी हवा नीट दिसत नाही, त्यासाठी कमी दाबाचा गेज घ्या.

खाऱ्या पाण्यातून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर पंप बेअरिंग, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या पात्यांवर रोखू नका. सील असूनही पाणी आत ढकलले जाते. धुऊन झाल्यावर ग्रीस निपलमध्ये जुने मळके ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. चाके तपासताना गाडी जॅक स्टँडवर घ्या, विटांवर नको. चाक वर-खाली हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवे हलले तर टाय रॉडचे (हँडलपासून चाक वळवणाऱ्या दांडीचे) टोक.

सुट्या भागांबाबत एक अडचण नेहमी येते. छोट्या चिनी एटीव्हींवर नावे वेगवेगळी असली तरी इंजिने मोजक्याच घराण्यांतली असतात, म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगून उपयोग होत नाही, जुना भाग सोबत न्यावा. बेल्टवर 743-20-30 किंवा 842-20-30 असा आकडा असतो: लांबी, रुंदी आणि उताराचा कोन. घासून पुसला जाण्याआधी तो सीटच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

आपला,
एक वाचक, रायगड जिल्हा