नव्या कारखान्यातल्या नोकरीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, "कारखाना नवा आहे, टिकेल ना?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

तळेगावची जनरल मोटर्स आठवते? २००८ मध्ये सुरू झाली. वर्षाला लाखाच्या वर गाड्या काढायची ताकद, पण स्पार्क आणि बीट या त्यांच्या छोट्या गाड्या हव्या तेवढ्या खपेनात. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. तरी प्लांट आणखी तीन वर्षं चालला, कारण बीट मेक्सिकोला जात होती. परदेशची ऑर्डर आहे म्हटल्यावर बाहेरून सगळं ठीकच दिसायचं. पण बीटनंतर त्या लाइनवर काय येणार, याला उत्तर नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये काम थांबलं. कामगार कोर्टात गेले. त्याच जागेत ह्युंदाईच्या गाड्या निघायला २०२५ उजाडलं. इमारत वाचली हो, पण मधल्या वर्षांत ज्यांची चूल त्या पगारावर होती त्यांचं काय? मला त्याचंच वाईट वाटतं.

जवळच चाकणला फोक्सवॅगनचा प्लांट २००९ मध्ये उघडला. त्यांच्याही गाड्या इथे फार खपल्या नाहीत, व्हेंटोही मेक्सिकोलाच जायची. पण २०१८ मध्ये त्यांनी भारतासाठी नव्या गाड्या करायला एक अब्ज युरो घालायचं ठरवलं आणि बरेचसे सुटे भाग इथेच बनवून घेतले. २०२१ मध्ये कुशाक, टायगुन आल्या. प्लांट चालू आहे.

म्हणून मला उद्घाटनाला कोण मंत्री आले, याने फरक पडत नाही. आत्ताचं मॉडेल संपलं की पुढे काय, ते आधी ठरलंय का, एवढंच मी बघते. आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. एका गाडीच्या भागाची डाय, म्हणजे साचा, दुसऱ्या गाडीला चालत नाही.

मुलाखतीत मी हेच विचारलं. त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं काम आहे, त्यातलं एक अजून बाजारात न आलेल्या गाडीचं. म्हणून मी होकार दिलाय, एक तारखेपासून जाईन.

आई, फ्लॅटचं मात्र आत्ता नको. त्या दुसऱ्या गाडीचा माल नियमित जायला लागू दे, मग कर्जाचं बघू. तोवर भाड्याचीच खोली बरी.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू