खरखर पुसू नका

संपादक महोदय,

लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या इंडस्ट्रियल संगीताच्या बँडची पहिली कारकीर्द १९७५ ते १९८१ एवढीच. पण त्यांच्या कितीतरी मैफली कॅसेटवर उतरल्या, हे आपलं भाग्य! अशा टेपा डिजिटल करताना घाई नडते. आधी कॅसेट डेकच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवावा: आवाज मोनो करून स्क्रू किंचित फिरवत, वरचे स्वर सर्वांत स्पष्ट होतील तिथे थांबावं. कोन चुकला की दोन्ही चॅनेल एकमेकांना खातात, आवाज बोदा होतो. डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर दाबणारी यंत्रणा, न वापरता मुद्रित केलेली टेप डॉल्बी लावून वाजवू नये. नक्कल २४ बिटमध्ये घ्यावी. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मात्र लांबच ठेवा. बँडमधल्या ख्रिस कार्टर यांनी जुळवलेल्या ग्रिसलायझर या आवाज बदलणाऱ्या उपकरणाची थरथर त्याच खरखरीत मिसळलेली आहे. एक पुसताना दुसरी हमखास जाते.

– एक वाचक